लडकूचे निरोप

शुक्रवारी भिवंडीत माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं. बाकीचे सहा दिवस कापड विणणाऱ्या लूमचा खटखटाट इतका, की नव्या पाहुण्याला वाटावं, इथली माणसं सारखी भांडतच असतात. शुक्रवारी लूम बंद. कामगार सावकाश आंघोळी करतात, न्हाव्याकडे बसतात, नमाजाला जातात, आणि गल्ल्यांतून अशी शांतता पसरते की सवय नसलेली कुत्री उगाचच भुंकत राहतात.

केसरीनाथ लोखंडेने शेठकडच्या कॉम्प्युटरच्या दुरुस्तीसाठी शुक्रवार मागून घेतला होता. शेठला त्याने कारण दिलं ते असं, की लूम बंद असले म्हणजे विजेचा दाब सारखा राहतो आणि कॉम्प्युटरचं काम नीट होतं. कारण खोटं नव्हतं. पण शुक्रवारी ऑफिसातल्या मंदाची सुट्टी असते, हमाल नसतात आणि मागच्या गोडाऊनला कुलूप असतं, हेही त्याने फोनवर आधी खात्रीने विचारून घेतलं होतं. अडीच वर्षांत तो या जागेच्या आसपासही फिरकला नव्हता. कल्याण नाक्यावर स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकल्यावर कोन गावाच्या बाजूचं काम आलं, तर तो मुद्दाम मागच्या रस्त्याने वळसा घालून जायचा.

गोडाऊन कल्याण रोडवर, कोनच्या अलीकडे. शेठ सुताचे व्यापारी. सुताचे खोके ट्रकने यायचे, आत त्यांच्या थप्प्या लागायच्या आणि मग टेम्पोने ते गल्लोगल्लीच्या लूमवर जायचे. रस्त्याला लागून ऑफिस होतं. तिथे खिडकीपाशी बसून मंदा गेटपास बनवायची. मागे पत्र्याचं लांबलचक गोडाऊन, आणि त्याच्या दोन्ही भिंतींना चिकटून दुसऱ्यांचे लूमचे कारखाने. आत कुणी जीव खाऊन बोंब मारली तरी ऑफिसात पत्ता लागत नसे.

म्हणून पूर्वी तिथे एक लाल दिवा होता. बटण गोडाऊनमध्ये आणि दिवा मंदाच्या डोक्यावर. दिवा लागला की कुणीतरी उठून मागे जायचं, एवढी साधी सोय. शहाण्णव साली, शेठकडे नोकरीला असताना, केसरीनाथने शेठच्या केबिनमध्ये, मंदापाशी आणि गोडाऊनमध्ये असे तीन कॉम्प्युटर बसवले, भिंतीवरून काळी वायर फिरवून तिन्ही जोडले आणि दिव्याची वायर मध्ये येत होती म्हणून ती पकडीने तोडून टाकली. "आता दिवा कशाला? निरोप लिहून पाठवायचा," असं तो मोठ्या ऐटीत म्हणाला होता. कोनच्या बुद्धवाड्यातला कॉम्प्युटर शिकलेला तो पहिलाच मुलगा, वय सव्वीस. ऐट होतीच, आणि ती त्याला शोभूनही दिसायची.

त्या निरोपांचं खरं वेड लागलं ते लडकूला. लडकू अंबाडीच्या आतल्या गावचा, सातवी पास, हमाली करता करता गोडाऊन कीपर झालेला. इंग्रजी अक्षरं तो खोक्यांवरच्या छापावरून शिकला होता. त्याच अक्षरांत, एका बोटाने, तो आपली मराठी लिहायचा. "मंदाताई, डब्यात काय हाय?" "बाहेर पाऊस हाय का? मला पत्र्यावर वाजतो, पन खरा का खोटा कळंना." केसरीनाथनेच त्याला शिकवलं होतं, की निरोप लिहून बटण दाबलं की खाली इंग्रजीत एक ओळ येते, ओळ आली की निरोप पोचला समज. खरं तर निरोप पोचला नाही तरीही एक ओळ येत असे; तिच्यातला मजकूर तेवढा वेगळा. पण इंग्रजी वाक्य लडकूला वाचता यायचं नाही. कशाला बिचाऱ्याच्या डोक्याला ताप, म्हणून केसरीनाथने ते सांगितलंच नाही.

पंचाईत अशी, की निरोप आला की मंदाचा पडदा थिजायचा. दोन बटणं एकदम दाबेपर्यंत मशीन हलायचं नाही. गेटपास अर्धा छापून प्रिंटर थांबायचा आणि बाहेर ट्रकवाले हॉर्नवर बसायचे. "केसरी, आता एक तर तुझा लडकू राहील नाहीतर मी," मंदा एका मंगळवारी सकाळी म्हणाली. सत्त्याण्णवचा मार्च होता. केसरीनाथने तिच्या मशीनमध्ये एक शब्द लिहिला. त्या शब्दाने बाहेरून येणारा प्रत्येक निरोप परस्पर परत जायला लागला. लडकूला जेवणानंतर सांगू, असं त्याने ठरवलं. जेवणानंतर शेठने त्याला कशेळीला पिटाळलं आणि ते राहूनच गेलं.

तो परत आला तेव्हा सव्वाचार वाजले होते. माल घेऊन आलेल्या ट्रकच्या क्लीनरने आत डोकावून पाहिलं म्हणून कळलं. थप्पी कोसळली होती आणि लडकू कमरेपर्यंत खोक्यांखाली होता, जीव गेलेला. टेबल कलंडून कीबोर्ड त्याच्या हाताशी आला होता. कॉम्प्युटर एका अंगावर पडूनही चालू होता. सगळे जण खोके ओढत होते. पडद्याकडे पाहिलं ते एकट्या केसरीनाथने. वरपासून खालपर्यंत पडदा ओळींनी भरला होता. त्या कसल्या ओळी आहेत हे त्याला तत्क्षणी कळलं, आणि त्यातली एकही न वाचता त्याने मेन बटण बंद केलं.

संध्याकाळी त्याने मंदाच्या मशीनमधला तो शब्दही पुसला.

कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते फक्त लडकूच्या बायकोने, मैनाने, तिसऱ्या दिवशी गावी. "भाऊ, तरास झाला का त्यांना?" ती म्हणाली. केसरीनाथ म्हणाला, "नाही वहिनी. जागच्या जागी गेले." त्या एका वाक्यावर ती उठून बसली, पेज प्याली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. आपण तेवढं तरी बरं केलं, असं तो पुढे स्वतःला समजावत राहिला. रात्री झोप यायची. पण कुणी "निरोप आहे तुझ्यासाठी" म्हणालं, की तो ऐकून न घेताच दुसरं काम काढून बसायचा.

आता नव्व्याण्णवचा सप्टेंबर उजाडला होता. दोन हजार साल लागलं की जुनी मशीन बंद पडणार, अशी हाकाटी सगळीकडे होती. ठाण्याच्या एका कंपनीच्या पोरांनी येऊन शेठच्या केबिनमध्ये नवं मशीन बसवलं. मंदाचं जुनं मशीन मात्र काढता येईना, कारण गेटपासचा प्रिंटर दुसऱ्या कशालाच दाद देत नव्हता. म्हणून त्याची डिस्क साफ पुसून त्यावर नवं विंडोज चढवलं. तेव्हापासून त्या मशीनला नेटवर्कवर कुणीच दिसत नव्हतं. पोरांनी चार दिवस झटापट केली आणि हात वर केले. केसरीनाथने फोनवर दोनदा नकार दिल्यावर शेठ स्वतः दुकानात येऊन बसले. "केसरी भाई, वो वायर तूने डाली है. तेरे सिवा किसी के बाप को समझ में नहीं आती."

दुपारी दोनला तो पोचला. दार उघडलं मैनाने.

"या भाऊ," ती म्हणाली. "शेठ बोलले, तुमी येनार."

तिच्या कमरेला चाव्यांचा जुडगा होता. शेठने तिला लडकूच्या मागे कामावर घेतलं होतं. झाडलोट, चहा, चाव्या. हे केसरीनाथला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारावं असं त्यालाही सुचलं नव्हतं. अडीच वर्षांत ती वाळली होती. केस कानापाशी पांढरे झाले होते. त्याला वाटलं, आल्या पावली परतावं. पण ती स्टूल पुसून देत होती, आणि तो बसला.

काम सुरू केल्यावर त्याचा जीव थोडा थाऱ्यावर आला. मशीन काही माणसासारखं नजरेला नजर देत नाही. आधी त्याने मशीनला स्वतःलाच हाक मारायला लावली. स्वतःचं उत्तर आलं, म्हणजे आतलं कार्ड धड होतं. मग शेठच्या केबिनमधल्या मशीनला हाक, उत्तर नाही. वायरचे सांधे काढून, पुसून, पुन्हा बसवले. शेजारपाजारच्या मशीनची यादी उघडली. यादीत एकच नाव, मंदाचं. म्हणजे मशीनला सबंध जगात आपण एकटेच असल्यासारखं वाटत होतं.

असल्या जुन्या वायरचं एक गणित असतं. तिच्या दोन्ही टोकांना टोपण लागतं; एक टोक उघडं राहिलं तरी सगळी ओळ मुकी होते. एक टोक शेठच्या केबिनमध्ये होतं आणि टोपण जागेवर होतं. दुसरं टोक गोडाऊनमध्ये.

"वहिनी, मागचा कॉम्प्युटर आहे का अजून?"

"तो? तो कवाच भंगारात गेला. त्याच साली."

"मागचं दार उघडता जरा? वायर बघायची आहे."

तिने कुलूप काढलं. सुताचा कोरडा, पिठासारखा वास अंगावर आला. केसरीनाथने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच बॅटरी मारली. वायर भिंतीवरून दहाएक हात जाऊन अलीकडेच तुटली होती, आतलं तांबं अजून चकचकीत होतं, आणि ते टोक खिळ्यावर टांगलं होतं. तिथपर्यंत जाऊन टोपण बसवायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याचा पाय उचलेना. शेवटी त्याने ऑफिसच्या भिंतीपाशीच वायर कापली, नवा सांधा ठोकला आणि टोपण तिथेच लावलं. गोडाऊनमध्ये जाणारी वायर आता कशालाच जोडलेली नव्हती.

तो परत येऊन बसला, यादी पुन्हा उघडली. दोन नावं होती. एक मंदाचं.

दुसरं लडकूचं.

केसरीनाथने यादी बंद करून पुन्हा उघडली; नाव तिथेच होतं. घाबरण्याआधी त्याच्या मनाने कारणं काढली, तो धंदाच त्याचा होता. जुनं नाव कुठेतरी उरलं असेल. पण डिस्क पुसलेली. ठाण्याच्या पोरांनी चेष्टा केली असेल. पण त्या पोरांना लडकू ठाऊक असायचं कारण नव्हतं. केबिनमधलं मशीन वायर कापण्याआधी तो स्वतः बंद करून आला होता, ते अजून सुरू केलं नव्हतं. म्हणजे या घडीला वायरवर दुसरं चालू मशीनच नव्हतं.

नव्या विंडोजमध्ये निरोपांसाठी एक छोटी चौकट असते. ती आपण होऊन उघडली. वर पाठवणाऱ्याचं नाव, खाली वेळ, दोन बावन्न.

"मंदाताई, थप्पी पडली. कुनाला तरी पाठव."

इंग्रजी अक्षरांत, मराठी.

दोन पंचावन्न. "पाय अडकलाय. घाई न्हाय, पन ये."

दोन अठ्ठावन्न. "लाईन आली. मंजे तुला कळलं. वाट बघतो."

मैना त्याच्या मागे चहा घेऊन उभी होती. "चालू झालं वाटतं," ती म्हणाली. "काय लिवलंय?"

तिला इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं. केसरीनाथला त्या क्षणी याचं हायसं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची किळस आली. "काही नाही. मशीनचं असतं काहीतरी," तो म्हणाला. चहा त्याने एका दमात संपवला, तोंड भाजलं तरी.

त्याने मशीनच्या पाठीमागून वायर उपटून काढली. आता ते सर्वांपासून तुटलेलं, टेबलावर ठेवलेलं नुसतं एक खोकं होतं.

तीन वाजून सहा मिनिटं. "हमाल जेवत असतील. जेवू दे. मंग पाठव."

त्याने मशीन बंद केलं, झाकण उघडलं आणि नेटवर्कचं कार्डच स्क्रू काढून बाहेर ओढलं. हिरवी पट्टी, हाताच्या पंजाएवढी. ती त्याने टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवली आणि मशीन पुन्हा चालू केलं. आता त्याला ना कान होता ना तोंड. विंडोज सावकाश उभं राहिलं, तक्रार केली की कार्ड सापडत नाही, आणि मग ती चौकट उघडली.

तीन सतरा. "केसरीला सांग, त्याची मशीन चांगली हाय. येवढं पडलं अंगावर तरी चालू हाय."

त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लडकूने त्या ओझ्याखालून एक एक अक्षर शोधून हे लिहिलं होतं, आणि आपण ते वाचायला बटण दाबण्याआधीचे दोन क्षणही दिले नव्हते.

"भाऊ," मैना म्हणाली. ती आता अगदी जवळ येऊन पडद्यात पाहत होती. तिने बोट ठेवलं. "हे ल. ल, ड... ह्यांचं नाव हाय ना हे? खोक्यावर असंच लिवायचे ते. येवढं वळखते मी."

आता खोटं बोलायला जागा उरली नव्हती. खरं सांगायचं तर जागा होती. तो म्हणू शकला असता, जुनी फाइल आहे, कुठला तरी हिशेब आहे, आणि तिने ऐकलंही असतं. तिने त्याचं आधीचं एक ऐकलं होतंच. तेच त्याला सहन होईना.

"वहिनी, मी तुम्हाला तेव्हा खोटं सांगितलं," तो म्हणाला.

मैनाने पडद्यावरचं बोट काढलं.

"ते जागच्या जागी गेले नाहीत. सव्वा तास होते. निरोप पाठवत होते. मी सकाळीच इकडचे निरोप बंद केले होते, आणि त्यांना सांगायचं राहिलं. पोचले नाहीत. मला त्याच दिवशी कळलं. मी न वाचता बंद केलं मशीन. कुणाला कळू नये म्हणून."

इतकी वाक्यं त्याने मनात कितीतरी वेळा जुळवली होती. ती बाहेर पडायला मिनिटही लागलं नाही. मैना खाली फरशीवर बसली. पदर तोंडाला लावला. रडण्याचा आवाज आला नाही. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याच्या साखळ्या वाजत लांब जाईपर्यंत ऐकू आल्या.

"वाचा," ती म्हणाली.

"वहिनी..."

"सगळं वाचा. एक बी अक्षर सोडू नका."

त्याने पहिल्यापासून वाचलं. घाई न्हाय पन ये, हे वाचताना त्याचा आवाज फुटला. ती मान हलवत होती, नवरा समोर बसून सांगतोय तशी. "असंच बोलतात ते," ती मध्येच म्हणाली. "कुनाला कवा उठवायचे न्हायत."

तीन एकतीस. त्याने वाचलं. "मैनाला सांगू नका. घाबरंल."

तिने डोळे मिटले.

तीन चाळीस. "पाय दुखायचा थांबला. बरं वाटतं."

मग बराच वेळ काही आलं नाही. पडद्यावरचं घड्याळ पुढे सरकत होतं. तीन पन्नास. तीन पंचावन्न. त्या दिवशी सव्वाचारला ट्रक आला होता. केसरीनाथला ते ठाऊक होतं, आणि तिलाही.

चार वाजले. "केसरी, तू हायस का तिकडं?"

त्याने वाचून दाखवलं.

"मंग उत्तर द्या की," मैना म्हणाली.

"वहिनी, ते... हे अडीच वर्षांमागचं आहे. कार्ड इथे टेबलावर आहे. काही जात नाही यातून."

"येतं तर हाय ना? तुमाला विचारलंय त्यांनी. द्या उत्तर."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्या दिवशी एवढं एकच करायचं होतं, उठून चाळीस पावलं मागे जायचं होतं, आणि ते कुणीच केलं नव्हतं. त्याने कीबोर्ड पुढे ओढला. लडकूसारखंच, एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत लिहिलं: "आहे. माफ कर. मी येतो."

बटण दाबलं. खाली इंग्रजीत एक ओळ आली. निरोप पोचला.

तो खुर्चीवरून अर्धवट उठला. खरंच जायचं, असं त्याने ठरवलं होतं. आत काही असो नसो, आज जायचं.

चौकट उघडली.

"कोन येतो? केसरी तर हितंच हाय. त्या दिसापासून बसलाय माज्याजवळ. बोलत न्हाय फकस्त."

त्याने ते दोनदा वाचलं. हे मात्र मोठ्याने वाचलं नाही.

मैना विचारायला थांबलीच नाही. ती उठली होती. डोळे पुसून तिने कोपऱ्यातल्या स्टोव्हवर चहा ठेवला, उकळला तसा गाळला. दोन कप भरले. एकात साखर घालून ढवळली, दुसऱ्यात घातली नाही. दोन्ही कप थाळीत ठेवले आणि ती गोडाऊनच्या दाराकडे निघाली.

"वहिनी," तो कसाबसा म्हणाला. "कुणाला?"

"चार वाजले ना," ती म्हणाली. "रोजचाच हाय. एक त्यांचा, एक तुमचा."

केसरीनाथने टेबलावरच्या आपल्या रिकाम्या कपाकडे पाहिलं.

"तुमी हितं साखरेचा घेतला," ती म्हणाली. "आत बसता तवा घेत न्हाय." आणि थाळी सांभाळत, पायाने दार ढकलून ती आत गेली.